छपरातून डोकावणारा तंबू

हे तुम्ही खरं मानणार नाही, ते मी आधीच सांगून टाकतो. आमच्या गावात आजवर कुणी मानलेलं नाही, आणि त्यातले निम्मे लोक तर तेव्हा माझ्याच अंगणात उभे राहून गळा काढून रडत होते. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं ज्यांना पटत नाही, त्यांच्यापुढे तुम्ही कोण लागून गेलात. माझी अट एवढीच, की मधेच उठायचं नाही. चहा हवा असेल तर वाटी पुढे करा, सायराकान भरेल. ती माझी बायको, आणि या गोष्टीत तीही आहे. तिच्या तोंडावर खोटं बोलायची माझी काय छाती आहे?

तेव्हा मी साखर कारखान्यात पॅनवर होतो. साखरबिटाचा रस एका भल्यामोठ्या बंद कढईत आटत असतो, आणि त्या कढईच्या पोटाला एक छोटी काच असते. त्या काचेला डोळा लावून बसायचं, एवढंच माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण रस दाटत दाटत जातो आणि कुठल्या तरी एका क्षणी त्यात दाणा धरतो, तो क्षण पकडावा लागतो. घाई केली तर साखर पिठासारखी होते, उशीर केला तर तिचे दगड होतात. मी काचेच्या पट्टीवर एक थेंब घ्यायचो, दिव्यासमोर धरायचो, आणि त्या थेंबात बारीक बारीक चांदण्या उमटल्या की मला वाटायचं, हे आभाळ मीच आत्ता तयार केलं. लग्नाच्या दिवशीसुद्धा मला एवढा आनंद झाला नव्हता. सायराकान, तू चहा ओत, इकडे लक्ष देऊ नकोस.

बिटाचा हंगाम पानं गळायला लागली की सुरू होतो आणि नाक गोठेपर्यंत चालतो. कारखाना रात्रंदिवस चालू. मला रात्रपाळी मिळाली. रात्रीशी माझं काही भांडण नव्हतं. भांडण होतं ते दिवसाशी.

आमच्या निजायच्या खोलीची खिडकी दक्षिणेला, थेट डोंगरांच्या तोंडावर. बर्फ पडला की सूर्य एकदा वरून यायचा, एकदा डोंगरावरच्या बर्फावरून उलटून यायचा, आणि तिसऱ्यांदा अंगणातल्या बर्फावर आपटून खालून वर उसळायचा. लोकांच्या घरी सूर्य एक असतो. माझ्या गादीवर तीन होते. मी सकाळी कामावरून येऊन पडायचो, डोळे मिटायचो, आणि पापण्यांच्या आतून मला कारखान्याचा रस्ता, रस्त्यावरचा ट्रक आणि ट्रकचा नंबर दिसायचा.

पडदे लावून झाले. पडद्यावर रजई ठोकली. रजईला ठोकलेल्या खिळ्यांच्या भोकांतून उजेड सुईसारखा आत यायचा. एक किरण तर माझ्या नाकाच्या शेंड्यावर येऊन बसायचा. मी कूस बदलली की तोही कूस बदलायचा. एकदा मी नाकावर टोपी ठेवली, तर पठ्ठ्या टोपी उचलून खाली शिरला. हसू नका. टोपी दाराजवळ सापडली, ती कुणी उचलली मग?

मग मी बटाट्यांच्या तळघरात झोपून पाहिलं. अंधार ठीक होता, पण थंडी अशी की मला पडलेलं स्वप्नसुद्धा गोठलं आणि चार दिवस तेच एक स्वप्न पुढं न सरकता तिथंच थांबून राहिलं. स्वप्नात मी एका नाल्यावरून उडी मारत होतो. चार दिवस हवेत.

सायराकान बिचारी दिवसभर पहारा द्यायची. कोंबड्या हाकलायची, शेजारच्या कुत्र्याला हाडूक टाकून गप्प बसवायची, दारावर कुणी आलं तर ओठांवर बोट ठेवून परत पाठवायची. आणि रात्री मी कामावर गेलो की, हा तिकडे काचेवर कपाळ टेकून झोपला तर नसेल ना, या काळजीनं तिचा डोळा लागत नसे. म्हणजे झोप माझी उडाली होती आणि जागरण दोघांचं चाललं होतं.

आणि व्हायचं ते झालं. एका पाळीला मी काचेला डोळा लावला आणि तो डोळा तिथंच मिटला. उघडला तेव्हा अख्खा पॅन बसला होता. आतला सगळा पाक एका तुकड्यात, घोड्याएवढा साखरेचा दगड. पहारी घेऊन माणसं आत उतरली. तो दगड फोडून बाहेर काढायला इतके दिवस लागले की काढणाऱ्यांपैकी एकाचं लग्न ठरलं आणि त्यानं मुलीकडच्यांना त्यातलाच तुकडा भेट म्हणून नेला.

आमच्या पाळीच्या प्रमुख होत्या उलकान एजे. एजे म्हणजे आमच्याकडे थोरली बहीण. नातं असो नसो, मोठ्या बाईला तसंच म्हणायचं. पण उलकान एजेकडे पाहून बहिणीची आठवण कुणालाच येत नसे. त्या ओरडत नसत. हळू बोलत, आणि ते जास्त वाईट. त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, "इरिसबाय, तुझ्या हाताला दाणा छान धरतो, म्हणून ही एकदा माफी. पुन्हा डोळा मिटलास तर पॅन दुसऱ्याचा, आणि तू बीट धुवायच्या हौदावर. तिथं खुशाल झोप. तिथं झोपलेला माणूस पाण्यात पडतो आणि आपोआप जागा होतो."

बीट धुवायचा हौद म्हणजे चिखल, गार पाणी आणि बिटाची शेपटं. तिथं चांदण्या उमटत नाहीत. मी घरी आलो आणि बायकोला सांगितलं, आता काहीही करून मला अंधार पाहिजे. पॅन गेला तर मी जगून काय करू?

तेव्हा माझी सासू, बातमा आपा, आमच्याकडे राहायला आली होती. उन्हाळ्यात डोंगरावरच्या कुरणांत जन्म काढलेली बाई. ती भिंतीला टेकून लोकर पिंजत होती. ती वर न बघता म्हणाली, "कापडानं उजेड अडतो होय? कापड म्हणजे भोकं, दोऱ्यानं एकमेकांना बांधलेली. उजेड अडवते ती लोकर. माझा तंबू तुमच्या गोठ्यामागं पडलाय, त्याचे नमदे काढा."

आमचा लोकरी तंबू तुम्ही पाहिला असेलच, गोल, लाकडी जाळीच्या भिंतींचा, वर लाकडी कड्याचा कळस आणि सगळ्यावर लोकर दाबून बनवलेले जाड नमदे पांघरलेले. सासूबाईंचे नमदे काळ्या मेंढ्यांच्या लोकरीचे होते, सात बायकांनी लाथा मारमारून बसवलेले. ते इतके जाड की खिडकीला लावायला गेलो तर वाकेचनात. खिळा मारला तर खिळाच वाकायचा. शेवटी मी म्हटलं, नमदे खिडकीवर बसत नाहीत ना, मग अख्खा तंबूच खोलीत उभा करू.

सायराकाननं हातातलं काम खाली ठेवलं. तिनं मला आठवण करून दिली की हिवाळ्यात, गावात, घरापाशी तंबू उभा राहिला की त्याचा अर्थ काय होतो. तुम्हालाही सांगतो. घरात कुणी गेलं की आम्ही अंगणात तंबू उभारतो आणि त्याला आत निजवतो. रस्त्यावरून जाणाऱ्याला दुसरं काही सांगावं लागत नाही. मी तिला समजावलं की तंबू अंगणात नाही, खोलीत आहे, चार भिंतींच्या आत, कोण बघायला येतंय?

मोजमापात माझी थोडीशी चूक झाली. थोडीशीच. जाळ्या भिंतींना टेकून नीट उभ्या राहिल्या, दांड्या बसल्या, पण कळस छताला अडला. कळसाशिवाय तंबू उभा राहत नाही. मग मी छताच्या फळ्या काढल्या, वरचे दोन पत्रे काढले, आणि कळस छपरातून वर काढला. त्यावर काळा नमदा घट्ट बांधला. बाहेरून घर कसं दिसतंय, हे बघायला मी गेलोच नाही. झोपायची घाई होती.

आणि काय सांगू तुम्हाला, काय अंधार होता तो. पहिल्यांदा आत पाऊल टाकलं तर पोटरीपर्यंत रुतलो. हातानं बाजूला सारत सारत गादीपर्यंत जावं लागलं. काडी ओढली तर ज्योतीनं बोट पोळलं, पण ज्योत दिसली नाही. आमची पांढरी मांजर माझ्या मागं आत आली आणि बाहेर पडली तेव्हा काळी होती. सासूबाईंनी तिला तीनदा धुतलं, शेपूट तेवढं शेवटपर्यंत तसंच राहिलं. मी अंगात कापसाचा जाड कोट घातला, कॉलर वर केली, कानांवर टोपी ओढली आणि आडवा झालो. आडवा होता होताच झोपलो. पाठ गादीला नंतर टेकली.

सायराकान आणि सासूबाई माझं घोरणं ऐकून खूश झाल्या आणि बाजारला गेल्या. कोंबड्यांवर टोपली ठेवून गेल्या.

इथून पुढं गोष्ट जुमाश आबांची. आबा म्हणजे गावातला सगळ्यात वयस्क माणूस, पांढरी दाढी छातीपर्यंत, नजर थोडी अधू, आणि रीतिरिवाजात असा पक्का की नमाजाला उभं राहताना टोपी सारखी करावी तशी घोड्यावर बसतानाही करायचा. आबा खालच्या वाडीकडे निघाले होते. आमच्या घरासमोर आले, मान वर केली, आणि त्यांना छपरावर तंबूचा कळस दिसला, काळा नमदा बांधलेला.

आता दुसऱ्या कुठल्याही मुलखातला माणूस थांबला असता. म्हणाला असता, छपरावर तंबू कसा? खाली उतरून चौकशी केली असती. पण आमच्यात अशा वेळी विचारत नाहीत. कोण गेलं हे विचारणं म्हणजे मला तुमच्या घरची खबर नाही असं म्हणणं, आणि त्याहून मोठा अपमान नाही. दुःखाच्या दारात रडत यायचं, घरच्यांना मिठी मारायची, चहा घ्यायचा, मग कानावर पडेल तसं पडेल. आबांनी लगाम खेचला, घोड्यावर एका बाजूला झुकले आणि फाटकापासून सुरुवात केली, "अरे माझ्या काळजाऽऽ, अरे माझ्या काळजाऽऽ."

ही आरोळी बापासाठीही चालते, भावासाठीही, शेजाऱ्यासाठीही. त्यातून काही कळत नाही. आणि एकानं ती दिली की ऐकणाऱ्याला गप्प बसता येत नाही. शेजारच्या भिंतीवरून एकानं उचलली, मग रस्त्यावरच्या दोघांनी, मग दुकानातून चौघं धावत आले. म्हणता म्हणता अंगण भरलं. कुणाला काही माहीत नव्हतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की बाकीच्यांना माहीत आहे.

मला वाटलं स्वप्न आहे. मग वाटलं, नाही, स्वप्नात एवढी माणसं मावणार नाहीत. मी उठून बाहेर आलो. एवढ्या अंधारातून बर्फाच्या उन्हात आलो, तर डोळ्यांना धारा लागल्या. त्यात काळ्या लोकरीचे पुंजके कपाळाला, गालांना, भुवयांना चिकटलेले, टोपी नाकापर्यंत, कॉलर ओठापर्यंत. माझ्या आईनंही मला ओळखलं नसतं. लोकांनी पाहिलं, कुणीतरी पाहुणा, लांबून आलेला दिसतोय, रडून रडून तोंड काळं झालंय. एकेक जण येऊन मला मिठी मारायला लागला.

आणि मला वाटलं काय? मला वाटलं, मी झोपलो होतो तेवढ्यात आपल्या घरात कुणीतरी गेलं. कोण? विचारायची तर सोय नाही. मी मनात हिशेब केला. सकाळी घरात कोण होतं? सायराकान तरुण, धडधाकट. राहिली सासू. हे लक्षात आलं आणि मला खरोखर गलबलून आलं. जिनं मला अंधार दिला तीच गेली. पुरुषानं कंबर बांधून, काठीवर टेकून रडायची आमची रीत, म्हणून मी कमरेला पट्टा बांधला, काठी सापडेना तेव्हा बर्फ ओढायचं फावडं घेतलं, त्यावर दोन्ही हात टेकले आणि दाराशी उभा राहून असा रडलो, असा रडलो, की आबासुद्धा क्षणभर थांबून माझ्याकडे बघायला लागले. मी सासूचे सगळे गुण मोठ्यानं आठवले. ते थोडे होते म्हणून तेच पुन्हा आठवले. तिच्या हातच्या बोरसोकांची आठवण काढली, तळलेल्या कणकेचे ते फुगलेले चौकोन, आणि त्यावर जमलेल्या सगळ्यांना भूक लागली.

तेवढ्यात फाटकातून माझी सासू आली. हातात पिशवी, पिशवीत कांदे.

माझं रडणं तोंडातच अडकलं. सासूबाईंनी गर्दी पाहिली, कळस पाहिला, पिशवी टाकली आणि आमच्या बायकांच्या रीतीनं दोन्ही हात कमरेवर ठेवून रडायला लागल्या. म्हणजे सासू जिवंत. मग कोण? तिच्या मागोमाग सायराकान आली. तीही जिवंत. मी पुन्हा हिशेब केला. घरात तीनच माणसं. दोन समोर उभी. मी हळूच कोटाच्या बाहीत हात घातला आणि नाडी बघितली. नाडी चालू होती, पण तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही, कारण सगळं गाव चुकेल आणि माझी एकट्याची नाडी बरोबर असेल, असं कसं होईल?

सायराकानला वाटलं, झालं ते झालं. मी त्या अंधारात गुदमरलो. ती तशीच घरात धावली, तंबूत शिरायचा तिला धीर होईना, उंबऱ्यातच भिंतीकडे तोंड करून बसली आणि तिनं विलाप धरला. आमच्या बायका विलाप रचतात तो तिथल्या तिथं, आणि त्यात खोटं बोलायचं नसतं. एरवी मला अहो म्हणणारी बाई सरळ अरेतुरेवर आली.

"पाकामधला दाणा रे तू, काचेवरचा तारा,
तुझ्या घोरण्यानं हलायचा घराचा पसारा.
गोठ्याचं दार लाव म्हटलं, लावलं नाहीस कधी,
उघडं दार दिसेल आता, शिव्या कुणाला आधी?
अंधार हवा म्हणालास, दिला माझ्या आईचा,
एवढा कसा संपवलास, ठेवायचास उद्याचा."

अंगणात एक डोळा कोरडा राहिला नाही. मी तर फावड्यावर पार वाकलो. गोठ्याचं दार मी आता लावीन, रोज लावीन, असं मला ओरडून सांगायचं होतं. टोपी काढायला मी हात वर नेला, आणि तेवढ्यात फाटकासमोर कारखान्याची बस थांबली.

माझ्या घरावर तंबू दिसल्याची बातमी कारखान्यात पोचली होती, आणि तिथं सगळ्यांनी मीच गेलो असं धरलं होतं. बसमधून पहिल्या उलकान एजे उतरल्या. मी हात पुन्हा खाली घेतला. टोपी काढून मी जिवंत निघालो, तर दिवसाढवळ्या झोपायच्या वेळी मी अंगणात फावडं घेऊन उभा, आणि संध्याकाळी पाळी. एजेंनी माझ्या डोळ्यांत एकदा बघितलं असतं की हौद ठरलेला. मी कॉलर आणखी वर केली.

उलकान एजे आयुष्यात कधी मोठ्यानं बोलल्या नव्हत्या, त्या फाटकापासून अशा रडत आल्या की छपरावरचा बर्फ घसरला. त्या म्हणाल्या, इरिसबायसारखा दाणा कुणी धरला नाही आणि धरणार नाही. म्हणाल्या, त्याच्या हातची साखर मी डोळे मिटून ओळखते. मग माझ्याजवळ आल्या, मला लांबचा नातेवाईक समजून मिठी मारली, आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून सगळ्या गावासमोर म्हणाल्या, "मी त्याला हौदावर पाठवीन म्हणाले, माझी जीभ झडो. तो परत आला ना, तर मरेपर्यंत पॅन त्याचाच."

आता तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतंत? मी टोपी काढली आणि म्हणालो, "एजे, मी ऐकलं."

अंगण असं गप्प झालं की टोपलीखालच्या कोंबड्या काय बोलताहेत ते शब्द न् शब्द ऐकू आलं. सासूबाईंनी टाकलेले कांदे उचलले आणि त्यातला एक मला फेकून मारला. मग सायराकान बाहेर आली. तिनं मला पाहिलं, माझ्या गालावरची लोकर ओढून पाहिली, खाली माझंच कातडं आहे याची खात्री केली आणि तिथंच बर्फात बसून हसायला लागली. तिचं हसू पाहून सगळे हसायला लागले. जुमाश आबा तेवढे हसले नाहीत. त्यांचं म्हणणं, मी घोड्यावर वाकून रडलो, माझी कंबर धरली, आणि मेलेला माणूस समोर उभा राहून दात काढतो, ही कुठली पद्धत?

उलकान एजेंनी डोळे पुसले आणि त्या पुन्हा हळू बोलायला लागल्या. म्हणाल्या, शब्द दिला होता तो मेलेल्या इरिसबायला. जिवंत इरिसबायचं प्रकरण वेगळं आहे.

सगळे आबांकडे बघायला लागले. आबांचा माझ्यावर राग, कंबर दुखतेय, आणि निवाडा त्यांनीच करायचा. त्यांनी दाढी मुठीत धरली.

शेवटी म्हणाले, "उलकान, रडताना बोललेलं परत घेता येत नाही. आज तू घेतलंस तर उद्या माझ्या दारात येऊन लोक माझं कौतुक करतील, ते खरं की खोटं, मी पडल्या पडल्या कसं ओळखायचं?"

एजेंनी मान डोलावली. पॅन माझा, पण त्यांनी एक अट घातलीच. आजच्या पाळीला काचेशी बसशील तेव्हा डोळे सताड उघडे हवेत. आज पॅन बसला, तर पॅन तुझाच राहील, पण त्यातला दगड तूच एकटा फोडशील, दातांनी.

म्हणजे झोप पाहिजेच. आणि सूर्य तर डोक्यावर आला होता. आबा म्हणाले, या माणसाची झोप आपण सगळ्यांनी मिळून मोडली आहे, ती भरून दिल्याशिवाय इथून कुणी हलायचं नाही.

आणि मंडळी, गावानं माझी खोली अंधारी केली. उलकान एजे स्वतः शिडी लावून छपरावर चढल्या आणि कळसावरच्या नमद्याच्या दोऱ्या आवळून वर बसून राहिल्या, कारण वाऱ्यानं एक कोपरा फडफडत होता. दाराच्या फटीतून उजेड येत होता, तिथं आबा मेंढीच्या कातड्याचा कोट पांघरून पाठ टेकून बसले. खिडकीसमोर माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहिली. उंच माणसं मागं, बुटकी पुढं, आणि दोघांच्या मधून एक किरण शिरत होता तिथं एक जाडा ट्रक ड्रायव्हर. दुःखाच्या घरी आलेल्यांना उपाशी पाठवत नाहीत, म्हणून कुणीतरी मेंढी आणली. ती कापली, शिजवली, अख्ख्या गावानं खाल्ली, आणि कुणी हाड फोडलं नाही की रश्श्याचा भुरका मारला नाही. चहासुद्धा ओठ न हलवता प्याले. कुत्र्यांनी हाडं तोंडात धरली आणि ती चावायला ओढ्यापलीकडे गेली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आत मी गादीवर पडलो. आता अंधार आधीपेक्षाही दाट होता, कारण त्याला बाहेरून अख्खं गाव ढकलत होतं. तो इतका भरला की माझ्या घोरण्याला बाहेर पडायला जागा राहिली नाही. ते माझ्याच छातीत फिरत राहिलं. त्या दिवशी मी जी झोप घेतली, ती अजून पूर्ण वापरून झालेली नाही. तीन हंगाम मी तिच्यावर काढले. आणि त्या पाळीला साखर अशी आली की एकेक दाण्यात तुमचा चेहरा दिसावा.

पण त्याआधी एक गोष्ट झाली, ती मी कुणाला सांगत नाही, तुम्हालाच सांगतो. मी झोपेच्या काठावर होतो, तेवढ्यात पायांचा आवाज आला. सायराकान. अंधार हातानं सारत सारत ती गादीपर्यंत आली. माझ्या छातीवर हात ठेवून बघितलं, श्वास चालू आहे ना. मग माझ्या कानाशी वाकली, आणि विलापातसुद्धा जे तिला म्हणायला जमलं नव्हतं ते म्हणाली. म्हणाली, "अहो, साऱ्या खोऱ्यात तुमच्यासारखा देखणा पुरुष नाही. अंधारातसुद्धा दिसता. तुमच्यासाठी मी असे दहा तंबू..."

"खोटं."

सायराकाननं चहाच्या समोवाराची तोटी बंद केली.

"मांजर काळी झाली, ते चालू द्या. एजे छपरावर बसल्या, तेही राहू द्या. पण हे मी बोलले नाही. मी म्हटलं होतं, सरका तिकडे, मलाही झोपायचंय."